डाळिंबाच्या कळ्या दर मार्चमध्ये का गळतात? ठाणे-नवी मुंबईतल्या कुंड्यांसाठी

मार्च लागला की ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत तीन-चार घरांच्या केरभरणीत लाल कळ्या दिसायला लागतात. न उमललेल्या, जाडसर, मेणाच्या केल्यासारख्या. मग मला फोटो येतात आणि प्रश्न साधारण एकच असतो: मागच्या वर्षी असंच झालं, औषध मारलं, जरा थांबलं, यंदा परत तेच. आता काय मारू?

गेली अकरा वर्षं मी गॅलरीत आणि गच्चीवर डाळिंबं लावते आहे. फळांसाठी नाही, फुलांसाठी. पहिली चार वर्षं माझ्याही कळ्या अशाच गळल्या आणि मीही दर मार्चला काहीतरी फवारत राहिले. हे लिहायला घेतलं ते एवढ्यासाठी की कळी मार्चमध्ये गळते, पण तिचं कारण बहुतेक वेळा मार्चमध्ये नसतं. ते आधीच्या जुलैतल्या ओल्या कुंडीत असतं, डिसेंबरात घातलेल्या पाण्यात असतं, नाहीतर गॅलरीतून मुकाट्याने बाहेर सरकलेल्या उन्हात असतं. मार्चमध्ये बाटली हातात घेतली की त्या वेळच्या दोन किडी मरतात, मूळ दुखणं तसंच राहतं आणि पुढच्या वर्षी परत येतं.

डाळिंब हे कोरड्या मुलखाचं झाड आहे. इराण, अफगाणिस्तान हा त्याचा जुना प्रदेश. तिकडच्या अंगणांत ते फळाइतकंच फुलासाठी लावतात. गुलनार हा शब्दच फारसीत डाळिंबाच्या फुलासाठी आहे. आपल्या राज्यात ते रमलं ते सोलापूर, सांगोला, नाशिक, नगर या कमी पावसाच्या पट्ट्यात. सोलापुरात वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, आणि ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात उभं राहिलं, ते झाड तिथलं म्हणूनच. आपण त्याला खाडीकाठच्या दमट हवेत आणून बसवलं आहे. ते इथे छान वाढतं, भरभरून फुलतंही, पण त्याला कोरड्या ऋतूत कोरडेपणा मिळाला पाहिजे आणि ओल्या ऋतूत पाय कोरडे राहिले पाहिजेत.

आधी गळलेलं फूल हातात घ्या

औषध, खत, पाणी, काहीही बदलायच्या आधी हे करा. गळालेली दहा-बारा फुलं आणि कळ्या गोळा करून वेगळ्या मांडा.

पूर्ण उमलून, पाकळ्या सुकून मग गळालेली फुलं एका बाजूला ठेवा. त्यांचा देठाकडचा भाग पाहा. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, देठाकडे निमुळतं. दुसरं सुरईसारखं, देठाकडे फुगीर. घंटेसारखं फूल नर असतं, त्यात फळ धरण्याइतकी बीजकोशाची वाढच नसते. ते उमलतं आणि गळतं. तो रोग नाही, कमतरता नाही, नजर तर नाहीच. एका झाडावर अशी फुलं पुष्कळ असतात. शोभेसाठी झाड लावलं असेल तर या गळतीची काळजी करायचं कारणच नाही, कारण फूल आपलं काम करून गेलेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात.

बहुदल फुलांचं डाळिंब असेल, म्हणजे कार्नेशनसारखं पाकळ्यांनी गच्च भरलेलं, तर त्याला फळ जवळजवळ धरतच नाही. त्याचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात. "तीन वर्षं झाली, एकही डाळिंब नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या झाडावर त्या वेळी निदान चाळीस फुलं होती. नर्सरीवाल्याने त्यांना फळझाड म्हणून दिलं होतं. त्या नाराज होत्या, आणि मला ते झाड सोडून जाववेना इतकं देखणं होतं.

न उमलता गळलेल्या कळ्या दुसऱ्या बाजूला ठेवा. खरा प्रश्न यांचा. एक कळी ब्लेडने उभी चिरा. आत चुरगळलेल्या पाकळ्या आणि पिवळे केसर निरोगी दिसत असतील, कुठे काळं नाही, अळी नाही, तर झाडाने ती कळी स्वतः सोडली आहे. पाणी, मुळं, ऊन यांच्यातला कुठला तरी हिशेब चुकला आहे. पाकळ्यांवर खरवडल्यासारखे डाग असतील, बारीक काळे ठिपके असतील, तर फुलकिडे. भोक आणि आत विष्ठा असेल तर अळी. माझ्या अनुभवात चिरलेल्या दहा कळ्यांपैकी सात-आठ आतून स्वच्छ निघतात. म्हणून खाली किडींबद्दल थोडं आणि बाकीच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

रोपासोबत आलेला लाल गोळा

ठाण्यात घोडबंदर रोडवर घ्या की बेलापूरला, रोप काळ्या पिशवीत आणि लाल चिकट मातीच्या गोळ्यात येतं. ती माती वाहतुकीसाठी असते. ट्रकमध्ये गोळा फुटत नाही, मुळं हलत नाहीत, हा तिचा उपयोग. घरी आणल्यावर मात्र तोच गोळा झाडाचा तुरुंग होतो.

आपण काय करतो? मोठी कुंडी घेतो, कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण भरतो आणि मध्ये तो गोळा जसाच्या तसा बसवतो. पाणी घातलं की ते सभोवतालच्या भुसभुशीत मिश्रणातून खाली जातं आणि बशीत येतं. आपल्याला वाटतं, झाड भिजलं. गोळा आतून कोरडाठाक असतो. एप्रिलच्या उन्हात तो विटेसारखा होतो. याच्या उलट पावसाळ्यात एकदा तो भिजला की आठ-आठ दिवस ओला राहतो, आणि भोवतीचं कोकोपीट ओल धरून त्याला आणखी भिजवत ठेवतं. म्हणजे त्याच झाडाला उन्हाळ्यात तहान आणि पावसाळ्यात पाण्यात बुडवणं, दोन्ही होतं. एकाच घरात "पाणी कमी पडतंय" आणि "पाणी जास्त होतंय" असं दोघं भांडत असतील तर दोघंही बरोबर असू शकतात.

तपासायचं कसं? बांबूची काडी किंवा जुनी विणायची सुई खोडापासून चार बोटांवर खोल खुपसा, आणि दुसरी कुंडीच्या काठाजवळ. काठाची सहज जाते आणि खोडाजवळची टणक लागून अडते, तर गोळा आत तसाच आहे.

उपाय जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करायचा, नवी पालवी फुटायच्या आधी. झाड बाहेर काढा, गोळा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि हाताने, हळूहळू, निदान निम्मी लाल माती धुऊन काढा. थोडी मुळं तुटतील. तेवढ्याच अंदाजाने वरून फांद्याही छाटा. मिश्रणासाठी मी दोन भाग साधी बागेची माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घेते. वाळू बांधकामाची क्रश सँड असेल तर ती चाळून, धुऊनच घ्या. तिच्यातली भुकटी कुंडीच्या तळाशी बसते आणि सिमेंटसारखी होते. कोकोपीट डाळिंबाला मी घालत नाही. कोरड्या गावात त्याचा उपयोग असेल, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते स्पंज होऊन बसतं.

कुंडी मातीची असली तर उत्तम, तिच्या अंगातून ओल निघून जाते. बुटक्या डाळिंबाला, ज्याला नर्सरीत नाना म्हणतात, दहा इंची कुंडी पुरते. भगवा किंवा गणेशसारख्या मोठ्या जातींना सोळा-अठरा इंची लागते. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते.

जुलैत काय झालं होतं?

आता मागे जायचं. गेल्या पावसाळ्यात झाडाची पानं पिवळी पडून गळाली होती का? फांद्यांची टोकं काळी पडली होती का? आणि श्रावण संपता संपता ते आपोआप "सुधारलं" होतं का?

हे सुधारणं फसवं असतं. पाणी साचून मुळं कुजली की झाड पानं टाकतं, कारण तेवढ्या पानांना पाणी पुरवायला मुळंच उरलेली नसतात. ऑक्टोबरच्या उन्हात माती वाळते, उरलेल्या मुळांवर नवी पालवी येते आणि आपण निर्धास्त होतो. फेब्रुवारीत सवयीने कळ्या धरतात. मार्चमध्ये ऊन चढतं, पानांतून पाणी उडायला लागतं, आणि अर्ध्या मुळांवर उभं असलेलं झाड सगळ्यात आधी सोडतं ती कळी. पानं तशीच हिरवी, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

मला हे कळलं ते माझ्या मामांमुळे. ते सांगोल्याकडे डाळिंबाची बाग करतात. एका एप्रिलमध्ये आमच्याकडे आले होते. मी त्यांना कळ्या दाखवल्या, फवारण्यांची यादी सांगितली. त्यांनी काही न बोलता कुंडी आडवी केली, झाड बाहेर काढलं आणि तळाची मुळं बोटांत धरून ओढली. साल मोज्यासारखी निघून हातात आली, आतली तार तेवढी राहिली. "पोरी, हे आताचं नाही. पावसात गेलंय हे," म्हणाले. आणि मग, "आमच्याकडं पाऊस नाही म्हणून रडतो आम्ही. तू तर पाणी पाजून पाजून मारायला लागलीस की." त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तोवर मी दोन झाडं गमावली होती आणि दोन्ही वेळा कीड म्हणून सोडून दिलं होतं.

निरोगी मूळ पांढरट किंवा पिवळसर तपकिरी आणि टणक असतं. कुजलेलं गडद, मऊ, आंबूस वासाचं. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, वरचा तिसरा हिस्सा छाटा, नव्या मिश्रणात लावा आणि दहा-बारा दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. त्या वर्षी फुलांची आशा सोडा. झाड वाचलं हे पुरे.

पुढच्या पावसाळ्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात ही कामं उरकून घ्या. कुंडीखालची बशी काढून टाका, पूर्णपणे. कुंडी दोन विटांवर ठेवा. खालचं छिद्र तारेने उघडून पाहा. पाऊस सरळ पडणार नाही अशी जागा द्या. गच्चीवर असेल तर पारदर्शक पत्र्याखाली चालेल, पण बाजूंनी वारा खेळला पाहिजे. आणि सोसायटीचे माळीकाका रोज सकाळी पाइप फिरवत असतील तर त्यांना डाळिंबाच्या कुंड्या दाखवून, हात जोडून सांगा की जूनपासून सप्टेंबरपर्यंत यांना पाणी नको. आमच्याकडे मी कुंडीला लाल फडकं बांधते. फडकं दिसलं की पाणी नाही, एवढं ठरलेलं आहे.

डिसेंबरात ताण दिला होता का?

डाळिंबाच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा. मृग बहार पावसाच्या तोंडावर, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरला, आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत. पाणी तोडतात, झाड पानं पिवळी करून गाळतं, फांदीत अन्न साठतं, आणि पुन्हा पाणी दिलं की एकदम, एका वेळी, जोमाने कळी निघते. ताण न दिलेलं झाड वर्षभर थोडी थोडी कळी काढतं आणि ती पोसू शकत नाही. आपल्या कुंड्यांचं नेमकं हेच होतं. आपण बारा महिने त्याच मायेने एक तांब्या पाणी घालत राहतो.

आपल्याकडे मृग बहार धरायचा विचारही करू नका, फुलं पावसात सडतील. हस्तात अजून हवा दमट असते. ठाण्याला आंबे बहारच सोयीचा, कारण डिसेंबर-जानेवारी हेच आपले खरे कोरडे महिने.

पण शेतातला ताण कुंडीत जसाच्या तसा देता येत नाही. शेतात मुळं खोल जातात, जमिनीत काही ना काही ओल मिळते, आणि तिथे महिना-दीड महिना पाणी तोडता येतं. कुंडीत तेवढं केलं तर झाड मरेल. मी असं करते: डिसेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास रोजचं पाणी थांबवते. कोवळी टोकं मान टाकायला लागली की अर्धा मग पाणी, तेवढंच. असं तीन आठवडे. पानं फिकट होतात, पिवळी होतात, निम्म्याहून जास्त गळतात. या दिवसांत घरातल्या प्रत्येकाला जीव तुटतो आणि कोणीतरी हळूच पाणी घालतं. आमच्याकडे सासूबाईंनी दोन वर्षं घातलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः फेब्रुवारीतली कळी पाहिली, आणि आता ताणाची तारीख त्याच लक्षात ठेवतात.

जानेवारीच्या सुरुवातीला छाटणी. इथे हात आखडता ठेवा. डाळिंबाची कळी जुन्या, पिकलेल्या फांदीवरच्या आखूड फुटव्यांच्या टोकाला येते. वरून सरसकट केस कापल्यासारखं छाटलं तर फुलांच्याच जागा जातात. वाळलेल्या फांद्या, आत वाढून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, बुंध्यातून निघालेले सगळे धुमारे आणि सरळ वर चाललेले कोवळे लांब शेंडे, एवढंच काढा. मग वरची दोन इंच माती उकरून बाजूला करा, तिथे शेणखत आणि मूठभर पेंड घाला, पहिलं पाणी हलकं, तीन दिवसांनी दुसरं, आणि आठवड्यानंतर नेहमीचं. महिना-सव्वा महिन्यात कळी दिसते.

ताण द्यायचा नाही ती झाडं: दोन वर्षांच्या आतली, त्याच वर्षी कुंडी बदललेली, आणि मुळं कुजून बरी होत असलेली. बागांमध्ये पानगळीसाठी इथ्रेलची फवारणी करतात. ती घरी करू नका, कुंडीतल्या झाडाला त्याची गरजही नाही.

गॅलरीतलं ऊन सरकतं

दक्षिणेकडे गॅलरी असलेल्यांनी हा भाग नीट वाचा. जानेवारीत झाड उन्हात न्हात असतं, कळ्या लागतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये काहीही न बदलता गळतात. झाड हललेलं नाही, पण ऊन हललेलं आहे.

हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून ऊन गॅलरीत खोलवर येतं. जसजसा उन्हाळा येतो तसतसा तो डोक्यावर चढतो. मेच्या मध्यावर तर ठाण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य दुपारी नेमका माथ्यावर. वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या गॅलरीच्या जमिनीपासून दहा फुटांवर असेल आणि समोर अडथळा नसेल, तर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचं ऊन साधारण नऊ फूट आत येतं. मार्चच्या मध्यावर चार फूट. एप्रिलच्या मध्यावर जेमतेम दीड फूट. भिंतीला टेकवून ठेवलेली कुंडी जानेवारीत दिवसभर तापते आणि एप्रिलमध्ये सावलीत जाते. बाहेर भाजून काढणारा उन्हाळा, म्हणून आपल्याला वाटतं उन्हाने करपलं, आणि आपण कुंडी आणखी आत ओढतो! मी हे स्वतः केलं आहे.

डाळिंबाला फुलायला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. सोलापूरच्या उघड्या रानात ते चाळीस अंशांत उभं असतं, आपल्या छत्तिसाने त्याला काही होत नाही, मुळाशी ओल नेमाने मिळाली म्हणजे झालं. फेब्रुवारीच्या शेवटापासून कुंडी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कठड्याकडे सरकवा. एकदम जागा बदललीत तर त्यानेही कळी गळते. पश्चिमेची गॅलरी असेल तर उन्हाळ्यात उत्तम. पूर्वेला समोर दुसरी इमारत नसेल तर बरं फुलतं. उत्तरेच्या गॅलरीत मोठ्या जातीचं डाळिंब लावू नका, पानांचं झाड होऊन बसेल. तिथे दुसरं काही लावा, त्याने झाडाचे आणि तुमचे दोघांचेही हाल वाचतील.

पाण्याचा नेम, आणि पाण्यातले क्षार

कळी लागल्यापासून पाणी नेमाने हवं. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की कळी गळते, आणि फळ असेल तर तडकतं. मार्च ते मे बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तर सावकाश, खालून थेंब निघेपर्यंत द्या. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा हे बरं.

उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं पाणी झाडांना वापरतात. खाडीच्या जवळ ते मचूळ असतं. डाळिंब खारटपणा बऱ्यापैकी सोसतं, पण कुंडीत क्षार साठत जातात. मातीवर पांढरी पापडी आणि पानांची टोकं करपलेली दिसली तर महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढा.

खताबद्दल एवढंच: झाड हिरवंगार, पानं मोठी, शेंडे हातभर आणि फूल नाही, असं असेल तर नत्र जास्त होतंय. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) घालणारी मंडळी इथे अडकतात. ते बंद करा. केळीच्या सालींचं पाणी घातल्याने कळ्यांची गळ थांबत नाही, चिलटं मात्र येतात.

किडी, ज्यांचा दोष खरंच असतो

मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि कळीच्या देठावर गर्दी करून बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला तरी पुरतं, दोन-तीन दिवस लागोपाठ करा. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे टांगा आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घुसळून फवारा. भर उन्हात फवारलंत तर पानं भाजतील. उमललेल्या फुलांवर मारू नका. शिंजीर पक्षी आणि मधमाश्या तिथे येतात, आणि सकाळी सातच्या सुमारास त्या लाल फुलात चोच घालून लोंबकळणारा शिंजीर पाहायला मिळणं हेच माझ्या मते हे झाड लावण्याचं मोठं कारण आहे.

कळीच्या मुकुटाच्या खाचेत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. सोबत मुंग्या असतीलच. जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून काढा आणि मुंग्यांची वाट बंद करा. विटांखाली पाण्याची थाळी ठेवली तरी चालते, पावसाळ्यात मात्र ती काढा.

फळ हवं असेल तर धरल्यावर लगेच कापडी किंवा बटर पेपरची पिशवी बांधा, नाहीतर सुरसा अळी आत शिरते. फक्त फुलं हवी असतील तर छोटी फळं खुडून टाका, झाड पुन्हा कळी काढेल.

एका गोष्टीची मात्र धास्ती बाळगा. पानांवर तेलकट, पाणी मुरल्यासारखे गडद ठिपके, फांदीवर काळे चट्टे आणि तिथूनच फांदी मोडणं, फळावर इंग्रजी एल किंवा वायच्या आकाराची भेग, हे तेल्याचं लक्षण. तो जिवाणूंचा रोग आहे आणि दमट हवेत झपाट्याने पसरतो. तो भाग कापून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टात टाकू नका, कात्री स्पिरिटने पुसा. गावाहून कोणी प्रेमाने बागेतल्या फांद्या आणल्या तर घेऊ नका. माझ्या मामांनीच मला हे बजावलं. त्यांच्या बागेतली गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम, मागितली तेव्हा म्हणाले, "तुझ्या हवेत हे पाठवणार नाही मी. नर्सरीतली स्वच्छ गुटी घे." आणि घेताना बियांचं रोप नको, गुटी कलमच घ्या. बियांचं झाड आईसारखं निघेलच असं नाही, आणि फुलायलाही बराच वेळ घेतं.

जमिनीत लावलेलं असेल तर

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, गटाराशेजारच्या खोलगट वाफ्यात लावलेलं डाळिंब मी आजवर नीट फुललेलं पाहिलं नाही. दीड फूट उंच गादीवाफा करून त्यावर लावा, पाणी वाहून जाईल असा उतार द्या. काटे असतात, मुलांच्या खेळायच्या वाटेपासून दूर ठेवा. बुंध्याजवळ दोन-तीन खोडं ठेवून झुडूप केलं तर ते जास्त शोभतं. एकखोडी ठेवायचं असेल तर धुमारे दर महिन्याला काढावे लागतील.

कोणाला एवढं करूनही उलगडा झाला नाही तर विचारा, पण झाडाचा दुरून काढलेला फोटो पाठवू नका, त्यावरून काही कळत नाही. उभी चिरलेली कळी, कुंडीच्या तळाचं छिद्र आणि दुपारी बारा वाजता कुंडीवर पडलेल्या उन्हाचा फोटो पाठवा. गॅलरीची दिशा लिहा, आणि गेल्या जुलैत ती कुंडी कुठे होती तेही लिहा.